राग आला, ठीक. आता कारण सांग

मंडईची दगडी इमारत उभी राहण्यापूर्वी पुणे नगरपालिकेत तिला विरोध झाला होता. विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सदस्य होते. भाजीबाजारासाठी लाखो रुपयांची देखणी वास्तू बांधण्यापेक्षा तो पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची इमारत तयार झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव, म्हणून पुणेकर ही गोष्ट गमतीने सांगतात.

गंमत बाजूला ठेवली तर मागे एक खरा प्रश्न उरतो. गावाकडे पैसा थोडा असेल तर आधी बाजार बांधावा की शाळा? बाजारावर ज्यांचे पोट आहे त्यांची बाजू काय, शाळेत ज्यांना जागाच नाही त्यांची काय? या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात तयार उत्तर नाही. दहा वर्षांच्या मुलांपुढे तो ठेवला तर ती गप्प बसत नाहीत. एक म्हणते, आधी पोट. दुसरे म्हणते, शाळा नसेल तर हिशेब कोण करणार? इथपर्यंत आले की तत्त्वज्ञानाचा तास सुरू झाला म्हणायचा. त्यासाठी प्लेटोचे नाव घ्यावे लागत नाही.

या प्रकरणाचा विषय मात्र याहून अवघड आहे. जिथे मोठ्यांची भांडणे मुलांना वारशाने मिळतात, कोणाशी खेळायचे आणि कोणाच्या गल्लीत जायचे नाही हे शाळेआधीच कळलेले असते, तिथे लहान मुलांना तत्त्वज्ञान शिकवून काय साधते? जगभर यासाठी बेलफास्टचे उदाहरण देतात. आपणही तिथे जाऊ, पण तिथे थांबणार नाही. कारण मंडईतून पायी जाता येईल एवढ्या परिसरात त्याहून जुने आणि, माझ्या मते, अधिक धारदार उदाहरण घडलेले आहे.

आर्डॉइनची मुले

उत्तर आयर्लंडमधील संघर्षात सुमारे तीन दशकांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. १९९८ च्या शांतता करारानंतर बंदुका बऱ्याच अंशी शांत झाल्या, पण वस्त्यांमधल्या भिंती उभ्याच राहिल्या. उत्तर बेलफास्टमधील आर्डॉइन ही कॅथलिक वस्ती, तिला लागून प्रॉटेस्टंट वस्ती. २००१ मध्ये इथल्या होली क्रॉस मुलींच्या शाळेत जाणाऱ्या चिमुरड्यांना रस्त्यावर जमावाच्या शिव्या ऐकत, पोलीस आणि लष्कराच्या बंदोबस्तात शाळा गाठावी लागत होती. एकदा तर त्यांच्या वाटेवर स्फोटक फेकले गेले. करार होऊन तीन वर्षे झाली होती.

त्याच वस्तीतल्या होली क्रॉस मुलांच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक केव्हिन मॅकअरेव्ही यांनी तत्त्वज्ञानाचे तास सुरू केले. ‘यंग प्लेटो’ या २०२१ च्या माहितीपटामुळे ते जगाला कळले. तिथला प्रश्न साधा असतो: आपला राग दुसऱ्यावर काढणे कधी योग्य ठरते का? मुले बोलतात, एकमेकांना खोडून काढतात. रागावर ताबा कसा ठेवावा हे विचारायला रोमन तत्त्वज्ञ सेनेकाला वर्गात बोलावले जाते. ‘कोणी मारले तर उलट मार’ असे घरी सांगितले गेलेल्या मुलाला हे वडिलांशी कसे बोलायचे, याची तालीमही शाळेत होते. ही खरी अवघड जागा. मुलाला घराविरुद्ध उभे करायचे नाही आणि घरचे वाक्य देववाणी म्हणूनही स्वीकारायचे नाही.

या सगळ्यामागे एक जुनी पद्धत आहे. मॅथ्यू लिपमन हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, विद्यापीठात आंदोलने पेटली. शिकलेसवरलेले लोकही एकमेकांशी तर्काने बोलू शकत नाहीत, हे पाहून त्यांना वाटले की विचार करायला शिकवण्याची वेळ विद्यापीठात येईपर्यंत फार उशीर होतो. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यातली मुले स्वतःच तर्काचे नियम शोधून काढतात. १९७४ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतील माँटक्लेअर इथे या कामासाठी संस्था उभारली.

पद्धत थोडक्यात अशी. मुले गोल करून बसतात आणि एक गोष्ट वाचतात. प्रश्न मुले विचारतात. शिक्षक ते फळ्यावर लिहितात. कोणता प्रश्न घ्यायचा ते मुले हात वर करून ठरवतात. मग चर्चा. शिक्षकाच्या हातात दोनचारच हत्यारे असतात: ‘असे का वाटते?’, ‘हे नेहमीच खरे असेल का?’, ‘तुझे आणि तिचे म्हणणे एकच आहे की वेगळे?’ बरोबर उत्तर सांगण्याची सोय त्याला नसते.

एवढ्या लहान मुलांना हे झेपते का, ही शंका रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार अमूर्त तर्क करण्याची क्षमता अकराबारा वर्षांनंतर येते. पण अमेरिकन तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात सहाएक वर्षांच्या मुलाचे उदाहरण दिले आहे. भांडे चाटता चाटता त्याने वडिलांना विचारले की हे सगळे स्वप्न नाही, याची खात्री कशी करायची? देकार्तचा प्रश्न त्याला कोणी शिकवला नव्हता. आपल्याकडच्या आईबापांनाही असे प्रश्न नवे नाहीत. फरक एवढाच की बहुतेक घरांत त्यांना ‘गप जेव’ हे उत्तर मिळते.

विश्रामबागवाडा आणि भिडे वाडा

आता पुण्यात परत येऊ. मंडईपासून काही मिनिटांच्या अंतरावर विश्रामबागवाडा आहे. पेशवाई संपल्यानंतर तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रज सरकारने तिथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. दक्षिणा निधीतून तिचा खर्च चाले. न्याय, वेदान्त अशी शास्त्रे तिथे शिकवली जात. म्हणजे तत्त्वज्ञान शिकवण्याची सरकारी सोय पुण्यात दोनशे वर्षांपूर्वीच होती. बसायला जागा मात्र ब्राह्मण मुलांनाच होती.

तिथून जवळच, बुधवार पेठेत, भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. मूळ वाडा आता उरलेला नाही. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. पुढच्या चार वर्षांत फुले दांपत्याने शहराच्या इतर पेठांत मुलींसाठी आणि महार-मांग मुलांसाठी आणखी शाळा काढल्या. सरकारने १८५२ मध्ये या कामाबद्दल जोतीरावांचा सत्कार केला, तो याच विश्रामबागवाड्यात.

या शाळांतली एक विद्यार्थिनी मुक्ता साळवे. मातंग समाजातली, वय चौदा, शिक्षण तीन वर्षांचे. जोतीरावांना ज्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकायला मिळाला त्या लहुजी वस्ताद साळवे यांची ती नात, असे परंपरेने सांगितले जाते. तिचा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. दलित स्त्रीने लिहिलेला आद्य निबंध म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण त्याचे आणखी एक वाचन शक्य आहे. अत्याचाराची आठवण ज्या घरात ताजी आहे तिथल्या मुलीने केलेला तो तत्त्वज्ञानाचा वर्गपाठ आहे.

काळाचा हिशेब पाहा. पेशवाई संपली १८१८ मध्ये. मुक्ताचा जन्म १८४० च्या आसपासचा. म्हणजे ज्या राजवटीबद्दल ती लिहिते ती तिने पाहिलेली नाही, घरात ऐकलेली आहे. आर्डॉइनच्या त्या वर्गातली मुलेही १९९८ नंतर जन्मलेली. दोन्हीकडे जखम आजी-आजोबांची, आईबापांची, आणि ती सांगितली जाते नातवंडांना.

मुक्ता जे सांगते ते अंगावर काटा आणणारे आहे. तालमीपुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीचा दांडू आणि शिराचा चेंडू करून खेळत, असे ती लिहिते. वाड्यांच्या पायात आपल्या माणसांना जिवंत पुरल्याचे लिहिते. बाळंत होणाऱ्या बायांना डोक्यावर छप्परही नसे, हे सांगते. आज गुलटेकडी म्हटले की पुणेकराला मार्केट यार्ड आठवते. मंडईतला घाऊक व्यापार पुढे तिथेच गेला. कांद्याबटाट्याचा रोजचा भाव जिथून ऐकू येतो ते नाव मुक्ताच्या निबंधात वाचले की मान आपोआप वळते.

चौदाव्या वर्षीचा युक्तिवाद

एवढेच असते तर तो निबंध कैफियत ठरला असता. तो तत्त्वज्ञान होतो तो त्यातल्या युक्तिवादामुळे.

मुक्ता प्रतिपक्षाचे म्हणणे आधी जसेच्या तसे मान्य करते. वेद आमचेच, ते इतरांनी पाहायचे नाहीत, असे ब्राह्मण म्हणतात ना? ठीक. ख्रिस्ती माणूस बायबलप्रमाणे चालतो, मुसलमान कुराणाप्रमाणे. ज्यांना जो ग्रंथ पाहता येतो त्यांचा तो धर्म. आम्हाला तर ग्रंथच पाहू देत नाहीत. मग आमचा धर्म कोणता? आम्ही धर्मरहितच ठरलो. आणि धर्मच नाही तर त्या धर्माचे नियम त्यांच्यावर कशाच्या जोरावर लादायचे, हा प्रश्न यातून आपोआप उभा राहतो. न्यायशास्त्रात या रीतीला तर्क म्हणतात: समोरच्याचे गृहीत खरे धरायचे आणि ते कुठल्या अडचणीत नेऊन सोडते ते दाखवायचे. विश्रामबागवाड्याच्या पाठशाळेत जिला पाऊल टाकता आले नसते ती मुलगी न्यायाच्या पंडितासारखी वाद घालते आहे.

मग ती देवालाच विचारते, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता ते सांग. त्याबरोबर ती एक कसोटीही ठरवते: ज्या धर्माचा लाभ एकट्याने घ्यावा आणि बाकीच्यांनी वंचित राहावे, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा. हे सामान्य तत्त्व झाले. ते केवळ तिच्या जातीपुरते नाही, कोणत्याही धर्माला लावून पाहता येईल असे आहे.

खरी परीक्षा यापुढे आहे. तत्त्व सांगणे सोपे. ते आपल्या बाजूला लावणे अवघड. मुक्ता ते लावते. वरच्यांचे पाहून महारही स्वतःला मांगांपेक्षा श्रेष्ठ समजतात आणि मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात, हे ती स्पष्ट लिहिते. ज्यांच्या दुःखाची ती बाजू मांडते त्यांच्यातलीही उतरंड ती झाकत नाही. शेवटी आपल्या लोकांना सांगते की या आजारावर औषध एकच, ज्ञान. निबंधाची भाषा बोचरी आहे, राग जागोजागी दिसतो. पण प्रत्येक रागामागे एक कारण उभे आहे आणि ते कोणीही तपासून पाहावे असे मांडलेले आहे.

हे एकाएकी घडले नाही. जोतीरावांची शिकवण्याची रीतच प्रश्नोत्तरांची असावी, असे त्यांच्या लेखनावरून वाटते. मुक्ताचा निबंध आला त्याच १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात भोळ्या शेतकरी जोडप्याची फसवणूक चालू असताना विदूषक मध्येच खोचक प्रश्न टाकत राहतो आणि अखेर ते जोडपे शिकायला निघते. १८७३ ची ‘गुलामगिरी’ मुख्यतः धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून उलगडते. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. मराठी मुलखाला ही रीत परकी नव्हती. तमाशाच्या फडावर कलगीवाले आणि तुरेवाले शक्ती मोठी की शिव मोठा यावर रात्र रात्र सवाल-जवाब करत. चौदाव्या शतकात चोखोबांच्या घरी सोयराबाईंनी विचारले होते की देहच विटाळातून जन्मतो, तर सोवळा कोण? न शिकलेल्या माणसाला तत्त्वज्ञान कळत नाही, हा समज शिकलेल्यांचा आहे.

शांत कोणी व्हायचे?

बेलफास्ट आणि पुणे शेजारी ठेवले की एक फरक ठळक दिसतो. आर्डॉइनच्या शाळेत मुलाची मूठ आवळलेली आहे. ती उघडायला त्याला विचार करावा लागतो. मुक्ताच्या वस्तीत मूठ उगारण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे तोंड बंद होते. ते उघडायला विचार लागला. एकीकडे तत्त्वज्ञान हात आवरते, दुसरीकडे आवाज देते.

म्हणून जखमी समाजात तत्त्वज्ञानाचा तास घेताना सगळ्यात मोठा धोका हा की ‘विचार कर’ याचा अर्थ हळूहळू ‘शांत हो’ असा होतो. शांतता ज्याच्या सोयीची असते तो शांततेचा आग्रह आधी धरतो. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला आणि त्याचे पडसाद राज्यभर उमटले. पुढच्या सोमवारी अनेक वर्गांत दोन्हीकडची मुले एका बाकावर बसली असतील. त्यांना ‘आपण सगळे भाऊ-भाऊ’ एवढेच सांगून धडा पुढे नेणे सोपे आहे. पण ज्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात भीती होती त्याला त्या वाक्यातून एवढेच कळते की इथे बोलायची सोय नाही.

उलट टोकही तितकेच वाईट. ‘तू त्या समाजाचा ना, सांग तुला काय वाटते’ असे म्हणून एखाद्या मुलाला वर्गापुढे उभे करणे म्हणजे त्याच्या जखमेचे प्रदर्शन. महाराष्ट्रात आडनाव कळले की बऱ्याचदा पुढचे विचारावे लागत नाही, त्यामुळे हा धोका आपल्याकडे कायमचा. बेलफास्टच्या शिक्षकाने सेनेकाला बोलावले त्यात शहाणपण आहे: दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस कोणत्याच गल्लीचा नसतो. आपल्याकडे मुक्ताचा निबंध हे काम करू शकतो. तो आपल्या गावचा आहे, पण आज वर्गात बसलेल्या कोणाच्या नावावर नाही. त्यावर सहावी-सातवीच्या मुलांना विचारता येईल: मुक्ताने आपल्या बाजूच्या माणसांचीही चूक का सांगितली? ती सांगितल्याने तिची बाजू कमजोर झाली की भक्कम? आजोबांवर झालेल्या अन्यायाचा जाब कोणाकडे मागायचा? ज्याने स्वतः काही केले नाही त्याने माफी मागावी का, आणि मागितली तर तिला अर्थ काय?

या प्रश्नांपर्यंत एकदम जाऊ नये. आधी वर्गाला एकमेकांचे ऐकण्याची सवय लागावी लागते आणि त्यासाठी मंडईसारखी शाळा नाही. चांगली वांगी वर आणि डागाळलेली खाली रचणे ही लबाडी की धंदा? मॉलमध्ये लिहिलेली किंमत मुकाट्याने देणारा माणूस मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपये का घासतो? गणपतीची वर्गणी स्वेच्छेची म्हणतात, मग न देणाऱ्याचे नाव का लक्षात ठेवतात? यांत न्याय आहे, प्रामाणिकपणा आहे, सक्ती आणि इच्छा यांतला फरक आहे. दुसरी-तिसरीतली पोरेही यावर हिरिरीने बोलतील, कारण यातले बरेच त्यांनी आईच्या पिशवीमागून चालताना पाहिलेले असते.

किती अपेक्षा ठेवायची?

अशा तासांनी गुण वाढतात का, हे पालक पहिल्यांदा विचारतात. इंग्लंडमधील ४८ शाळांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तासांना बसलेली मुले वाचन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेल्याचे दिसले. गरीब घरांतल्या मुलांना वाचनात जास्त फायदा झाला. नंतर अधिक मोठ्या चाचणीत वाचनातला हा फायदा पुन्हा आढळला नाही. तेव्हा गुणपत्रिकेसाठी हा तास विकू नये. जोतीरावांनीही १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षणाची बाजू मांडताना मोडी-बाळबोध, हिशेब, शेती, आरोग्य यांच्या जोडीला नीतीचे पाठ मागितले होते, आणि शिक्षक ज्यांच्यात शिकवायचे त्यांच्यातलेच असावेत असा आग्रह धरला होता. दुसरी मागणी आपल्या विषयासाठी अधिक मोलाची आहे. वर्गात ‘असे का?’ विचारणाऱ्या माणसाला त्या वस्तीतले ‘का’ माहीत असावे लागते.

एका तासाने भिंती पडत नाहीत. बेलफास्टमध्ये अजून त्या उभ्या आहेत, आणि मुक्ताच्या निबंधानंतर सत्तरहून अधिक वर्षांनीही महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तत्त्वज्ञानाच्या तासाकडून मागायचे ते निराळे. ज्याच्या घराण्याने सोसले त्या मुलाला जाब विचारता यावा, ज्याच्या घराण्याने सत्ता भोगली त्याला जाब ऐकून घेता यावा, आणि दोघांनाही एकमेकांच्या उत्तरातली पळवाट ओळखता यावी. बाकीचे भांडण मोठ्यांचे आहे; ते त्यांनी मिटवायचे, मुलांवर टाकायचे नाही.